‘तसं काही केलं नाही’ म्हणणाऱ्यांना तातडीचं आवाहन

जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ, ओठावर किंवा जिभेवर गेल्या काही आठवड्यांत एखादी न दुखणारी जखम झाली असेल आणि ती आपोआप भरत आली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासून या. उरलेलं नंतर वाचलंत तरी चालेल. दुखत नाही, खाजत नाही, औषधावाचून भरून येते, म्हणून ती जखम साधी ठरत नाही. सिफिलिसची, म्हणजे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाची, पहिली जखम बहुतेक वेळा अशीच असते. तीन ते सहा आठवड्यांत ती नाहीशी होते. जंतू तोवर रक्तात पसरलेला असतो.

आणि ही जखम होण्यासाठी ‘तसं काही’ करावंच लागतं असं नाही.

‘तसं काही’ हे आपल्या समाजाचं जुनं मोजमाप. डॉक्टरांनी विचारावं, “कुणाशी संबंध आला होता का?” आणि समोरच्याने खाली बघत म्हणावं, “नाही हो, तसं काही केलं नाही.” तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी संबंध म्हणजे संभोग. त्याच्या अलीकडचं सगळं, म्हणजे चुंबन, एकमेकांना हाताने दिलेलं सुख, कपडे काढून अंगाला अंग घासणं, अगदी मुखमैथुनसुद्धा, ‘वरवरचं’. लग्नाआधी इथवरच थांबायचं असं ठरवलेली जोडपी असतात, दिवस जातील या धास्तीने थांबणारी असतात, आणि एड्सच्या भीतीने जाणूनबुजून एवढ्यावर भागवणारीही असतात. या शेवटच्या मंडळींचा हिशेब एचआयव्हीपुरता बराचसा बरोबर आहे. बाकीच्या रोगांना तो लागू पडत नाही.

आरोग्यावर लिहिणाऱ्याकडे या विषयावर येणारे प्रश्न साधारण दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा माणूस रात्री दोन वाजता विचारतो. त्याने एका मुलीचं चुंबन घेतलंय, किंवा मसाज करून घेताना कुणाचा हात लागलाय, आणि आठ दिवस त्याला जेवण जात नाही. एचआयव्हीची चाचणी त्याने एकदा नव्हे, तीनदा केलेली असते. तिन्ही वेळा अहवाल स्वच्छ, तरी चौथी कुठे करू, हा त्याचा प्रश्न. दुसऱ्या जातीचा माणूस सहसा विचारतच नाही. त्याच्या तोंडात फोड आलाय, तो म्हणतो तोंड आलंय, उष्णता झाली. गुप्तांगाशी बारीक मोड उठलेत, तो म्हणतो घामाने झालं असेल. पहिल्याला नसलेला आजार छळतो आणि दुसऱ्याला असलेला आजार कळत नाही. हे आवाहन दोघांनाही आहे, पण घाई दुसऱ्याची आहे.

पहिल्याला आधी मोकळं करू. चुंबनातून एचआयव्ही पसरत नाही. लाळ, घाम, अश्रू, मिठी, एका ताटातलं जेवण, सार्वजनिक संडास, पोहण्याचा तलाव, डास, यांतल्या कशातूनही नाही. धड असलेल्या त्वचेवर वीर्य किंवा योनीस्राव लागला म्हणून तो आत शिरत नाही. हस्तमैथुन करून देताना-घेताना त्याचा धोका धरण्याचं कारण नाही. मुखमैथुनातला धोका इतका कमी आहे की संशोधकांना त्याचा नेमका आकडाही काढता आलेला नाही. तोंडात उघड्या जखमा असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल आणि वीर्यपतन तोंडात झालं असेल तर तो थोडा वाढतो, एवढंच. एचआयव्ही मुख्यतः पसरतो तो कंडोमविना गुदमैथुन किंवा योनीसंभोग केल्याने, सुया वाटून घेतल्याने, आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. बाधित व्यक्ती नियमित औषधं घेत असेल आणि तिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर संभोगातूनही तो जोडीदाराला जात नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात एक बाधित आणि एक अबाधित अशा पुरुष जोडप्यांच्या सुमारे 76 हजार कंडोमविना संबंधांची नोंद होती. जोडीदाराकडून झालेली लागण एकही सापडली नाही.

तेव्हा चुंबनासाठी चौथी चाचणी करायची गरज नाही. झोपा.

आता दुसरा. वरवरच्या संबंधात पसरतात ते मुख्यतः त्वचेवर आणि ओठ-तोंडाच्या ओल्या अस्तरावर राहणारे जंतू. त्यांना वीर्यही लागत नाही आणि रक्तही नाही. कातडीला कातडी लागली की पुरतं.

हर्पीस घ्या. तापानंतर किंवा थकव्यात ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका उठतो, तो बहुतेक वेळा हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या 50 वर्षांखालच्या दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोघांच्या अंगात हर्पीसचा पहिल्या प्रकारचा विषाणू आहे. यातल्या बहुतेकांना तो लहानपणी, कुणा मावशी-काकांच्या मायेच्या पापीतून मिळालेला असतो, त्यामुळे त्याची लाज वाटून घेण्यात काही अर्थ नाही. हाच विषाणू मुखमैथुनातून ओठावरून जननेंद्रियावर जातो. फोड दिसत असतील तेव्हा धोका सर्वांत जास्त, पण फोड नसतानाही तो अधूनमधून त्वचेवर उतरतो, म्हणून “मला तर काहीच नव्हतं” हे म्हणणं खरं असूनही लागण झालेली असू शकते. लागणीनंतर दोन ते बारा दिवसांत जळजळ, बारीक फोड, लघवीला आग, जांघेत गाठी असा पहिला झटका येतो. पुढचे झटके सहसा सौम्य असतात. विषाणू कायमचा जात नाही, पण असायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी झटका आटोक्यात येतो, आणि हे दुखणं घेऊन माणसं संसार करतात, मुलं वाढवतात. नागीण हा त्याच कुळातल्या वेगळ्या विषाणूचा आजार, तो संबंधातून होत नाही. डॉक्टरांनी ‘हर्पीस’ म्हटलं की गेरूचं बोट फिरवायला धावू नका.

हर्पीसचा खरा घातकी प्रसंग वेगळाच आहे, आणि तो लैंगिक नाही. ओठावर ताजा फोड असलेल्या माणसाने नवजात बाळाचा मुका घेतला तर त्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बारशाला आलेल्या पाहुण्याला आईने “ओठ बरा झाल्यावर या” म्हटलं, तर तिला शिष्ट म्हणू नका.

एचपीव्ही हा दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. याचे शंभराच्या वर प्रकार आहेत. काहींमुळे गुप्तांगावर फुलकोबीसारखे मऊ मोड येतात. ते दिसतात, त्रास देतात, पण कर्करोग करत नाहीत. कर्करोग करणारे प्रकार दिसतही नाहीत. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक कर्करोगामागे हाच विषाणू असतो, आणि भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो कर्करोग होतो. हा विषाणू जाण्यासाठी पूर्ण संभोग व्हावा लागत नाही. जननेंद्रियाला जननेंद्रिय घासलं, तोंड लागलं, क्वचित एकाच्या अंगावरून हात लगेच दुसऱ्याच्या अंगावर गेला, तरी तो जाऊ शकतो. दोन स्त्रियांमधल्या संबंधांत काही होत नाही असं त्यांना अनेकदा दवाखान्यातही सांगितलं जातं. ते चूक आहे. त्यांनाही गर्भाशयमुखाची तपासणी इतरांइतकीच हवी.

कंडोमने या दोन विषाणूंचा धोका कमी होतो, संपत नाही, कारण झाकलेल्या भागाबाहेरची कातडीही त्यांना चालते. कोकणातल्या पावसात छत्री घेऊन निघालं की डोकं कोरडं राहतं आणि पोटऱ्या भिजतात, तसं. म्हणून छत्री घरी ठेवून कुणी निघत नाही. एचपीव्हीवर मात्र छत्रीपेक्षा मोठा उपाय हाताशी आहे: लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीला 2022 साली परवानगी मिळाली, आणि ती 9 ते 26 वयाच्या मुलींसाठी तशीच मुलांसाठीही आहे. कुठल्याही संबंधाची सुरुवात होण्याच्या आधी, 9 ते 14 या वयात ती सर्वांत चांगलं काम करते. “एवढ्याशा पोरीला ती लस कशाला?” हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरातल्या आजीला गोवरची लस गोवर येण्याआधीच का देतात हे ठाऊक असतं.

तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी तपासणी आहे, आणि तिचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणीची संधी मिळालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने झालेले मृत्यू, नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे होते. जगभरची धोरणं या खेड्यांतल्या बायकांच्या जिवावर बदलली. आपल्या शेजारपाजारच्या किती जणींनी ही तपासणी करून घेतली आहे, एवढं एकदा विचारून बघा.

सिफिलिसकडे पुन्हा येतो, कारण तातडी त्याचीच आहे. हा रोग जखमेला स्पर्श झाल्याने पसरतो. जखम ओठावर किंवा जिभेवर असेल तर चुंबनातूनही. आपल्याकडे तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांची तोंडं कायम सोललेली असतात. त्यात एक न दुखणारा व्रण वाढला तर कुणाच्या लक्षात येणार? लागण झाल्यापासून 10 ते 90 दिवसांत, बहुतेकदा तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, पहिली जखम येते आणि जाते. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतो. तो तळहात-तळपायांवरही येतो आणि खाजत नाही, ही त्याची खूण. इथे आपल्याकडची दुसरी सवय आडवी येते. अंगावर काहीही उठलं की मेडिकलमधून ट्यूब आणायची. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. पुरळ कधी फिका पडतो, कधी आपला आपण जातो, आणि श्रेय ट्यूबला मिळतं. त्यानंतर रोग वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि पुढे कधी काळजावर, मेंदूवर, डोळ्यांवर उठतो. गर्भार बाईला तो असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं किंवा व्यंग घेऊन जन्माला येतं. गरोदरपणातल्या रक्ततपासणीत ‘व्हीडीआरएल’ असते ती याचसाठी. इतक्या पिढ्यांना छळलेला हा रोग सुरुवातीच्या काळात पेनिसिलिनच्या एका दमदार इंजेक्शनने बरा होतो, हे मला आजही नवलाचं वाटतं. तपासणी न करण्याचं कारण मग एकच उरतं: शरम.

परमा, म्हणजे गोनोरिया, लिंगाला झाला तर लपत नाही. दोन दिवसांपासून आठवड्याभरात पू येतो, लघवीला आग होते. स्त्रियांमध्ये तो बऱ्याचदा काहीच लक्षण दाखवत नाही. आणि मुखमैथुनातून घशात गेला तर स्त्री असो वा पुरुष, बहुतेकांना पत्ताही लागत नाही. फार तर घसा खवखवतो. घशातून तो पुन्हा दुसऱ्याच्या अंगात उतरतो. लघवीच्या तपासणीत घशातला जंतू सापडत नाही, त्यासाठी घशातून नमुना घ्यावा लागतो. म्हणूनच डॉक्टरांना ‘तसं काही केलं नाही’ हे उत्तर देऊ नका. तोंडाने केलं असेल तर तोंडाने केलं असं सांगा, पाठीमागून असेल तर तसं सांगा. कुठली तपासणी करायची हे त्या एका वाक्यावर ठरतं. डॉक्टरांनाही विनंती: “संबंध आला का?” एवढं विचारून थांबू नका. रुग्ण तरुण असेल, अविवाहित असेल, नऊवारीतली पन्नाशीची बाई असेल, प्रश्न तोच आणि तितकाच स्पष्ट विचारा.

खरूज, जांघेतल्या उवा, मध्ये खळगी असलेले मोलस्कमचे मोत्यासारखे दाणे, हेही अंगाला अंग लागून होतात. किरकोळ आहेत, उपचार सोपे आहेत. गुदद्वाराला तोंड लागलं तर अ प्रकारची कावीळ आणि आमांश होऊ शकतो. ब प्रकारची कावीळ त्याहून गंभीर. तिचा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी सहज पसरतो आणि वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. संभोगाबरोबरच एकाच वस्तऱ्याने, एकाच टूथब्रशने तो जाऊ शकतो. लॉजवर किंवा होस्टेलवर ‘तुझा रेझर दे जरा’ म्हणणं हे चुंबनापेक्षा जोखमीचं आहे. लहान मुलांना या काविळीची लस आता सरकारी लसीकरणात मिळते, पण देशभर ती सुरू झाली 2011 च्या सुमाराला. आज विशी-पंचविशीच्या पुढच्या बहुतेकांना ती मिळालेली नाही. दंडात तीन टोचण्या, काम झालं.

एक गोष्ट रोगांची नाही, तरी इथेच सांगून टाकतो. घासताना वीर्य योनीमुखाशी पडलं तर क्वचित दिवस जाऊ शकतात. शंका असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली.

आता ज्या भागावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे तो. अहवालात हर्पीस किंवा एचपीव्ही आला की घरात पहिला प्रश्न येतो तो औषधाचा नसतो. “कुणाकडून आणलंस?” हा असतो. नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे, आणि सासू सुनेकडे. कृपा करून हे थांबवा. हे दोन्ही विषाणू वर्षानुवर्षं अंगात मुकाट राहू शकतात. आज दिसलेला हर्पीसचा फोड पंधरा वर्षांपूर्वीच्या लागणीचा असू शकतो. तिशीतल्या बाईला सापडलेला एचपीव्ही नवऱ्याच्या लग्नाआधीच्या आयुष्यातला असू शकतो, तिच्या स्वतःच्या असू शकतो, आणि तो नेमका कधीचा हे कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. या कागदावर कुणाचं चारित्र्य वाचता येत नाही. घटस्फोटाच्या अर्जाला तो जोडण्याआधी एकदा डॉक्टरांकडे दोघांनी मिळून बसा. तसंच, अंगावरून पांढरं जातं म्हणजे संसर्गच, असंही नाही. थोडा स्राव नैसर्गिक असतो, आणि खाजेचं कारण बऱ्याचदा बुरशी असते, तिचा परक्या संबंधाशी काही संबंध नसतो. पण वास येणारा, रंग बदललेला, ओटीपोटात दुखण्यासोबतचा स्राव अंगावर काढू नका.

अंगावर काढणं हा आपल्या बायकांचा जुना रोग. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगाचे डोळे उघडले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. गावं बदलली, रस्ते झाले, हातात मोबाइल आले. तपासणीच्या टेबलावर चढायची लाज फारशी उतरलेली नाही.

मग करायचं काय? कंडोमविना योनी किंवा गुदसंभोग झाला असेल, किंवा बळजबरी झाली असेल, तर एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. ही वेळ दवडू नका, सरळ मोठं सरकारी रुग्णालय गाठा. बाकी बाबतीत दुसऱ्याच दिवशी चाचणीला धावून उपयोग नसतो. शिरेतल्या रक्ताच्या आधुनिक प्रयोगशाळा चाचणीत एचआयव्ही 18 ते 45 दिवसांत दिसतो, बोटाला टोचून करायच्या चाचणीसाठी तीन महिने धरावे लागतात. सिफिलिसची चाचणी आधी नकारार्थी आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी. लक्षण असेल तर मात्र कुठल्याही मुदतीची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. जखम, फोड, मोड, पू, यातलं काहीही असताना त्या भागाशी कुणाचा संबंध येऊ देऊ नका, ना हाताचा ना तोंडाचा. मुखमैथुनाला कंडोम वापरा. चवीचे कंडोम निघालेत ते त्यासाठीच, हसू नका. स्त्रीसाठी कंडोम उभा कापून त्याचा पापुद्रा वापरता येतो. आणि कंडोमला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, तेलाने लॅटेक्स फाटतं; पाण्यात विरघळणारं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं.

दाखवायचं कुठे, हा प्रश्न गावात जास्त अवघड, कारण तिथे डॉक्टर ओळखीचे आणि कंपाउंडर भाऊबंद. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. औषधांची पाकिटं रोगाच्या लक्षणानुसार रंगीत असतात, पाकिटावर रोगाचं नाव वाचून शेजारी काही ओळखणार नाही. आपल्या तालुक्यात तेही अवघड वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, कुणी पत्ता विचारून परत पाठवत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल फोडता येत नाही. हा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1097 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

औषधाच्या दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे. काउंटरवर खाली मान घालून “जरा लघवीला आग होतेय” म्हणणाऱ्या पोराला दोन गोळ्या आणि एक ट्यूब काढून देऊ नका. तुम्ही त्याची लाज वाचवता, पण परम्याचा जंतू अशाच अर्धवट औषधांवर माजला आहे. पूर्वी हमखास चालणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता त्याच्यावर जवळजवळ निकामी आहे. त्याला सुरक्षा क्लिनिकचा पत्ता द्या. एसटी स्टँडच्या मुतारीत आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’वाल्या जाहिरातींना तर 1954 सालच्या कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं उलटली, तरी त्या चिकटतात, कारण गिऱ्हाईक मिळतं. र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून या विषयावर मराठीत उघड लिहायला सुरुवात केली आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. शंभर वर्षं होत आली, तरी आपला तरुण अजून त्या मुतारीतल्या कागदावरचा फोन नंबर टिपून घेतो, ही आपल्या डॉक्टरांची, शिक्षकांची आणि आईबापांची नामुष्की आहे.

तेव्हा ज्यांच्या अंगावर आज एखादं लक्षण आहे त्यांनी सोमवारची वाट बघू नये, सरकारी रुग्णालयाची बाह्यरुग्ण खिडकी उद्या सकाळी उघडते. जाताना जोडीदारालाही सोबत घ्या. लाज वाटत असेल तर वेगवेगळे जा, पण दोघंही जा. परमा असो की सिफिलिस, एकानेच औषध घेतलं आणि दुसरा तसाच राहिला, तर बरा झालेला माणूस त्याच जोडीदाराकडून पुन्हा आजारी पडतो.